पैसे तिथेच घाला, जिथे तिकिटाला काही टेकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी सुरू केलेला आणि तुम्ही वाढवलेला साधारण चार हजार तिकिटांचा संग्रह आहे. थोडी तिकिटं जुन्या वह्यांत हिंज (डिंक लावलेली छोटी कागदी पट्टी) लावून चिकटवलेली, थोडी फोटोच्या अल्बममध्ये, उरलेली पाकिटांत आणि पत्र्याच्या डब्यात. काही कोऱ्या तिकिटांवर तपकिरी ठिपके दिसू लागलेत. नामांकित कंपन्यांचे छापील अल्बम परवडत नाहीत. मग कमी खर्चात हे सगळं नीट कसं ठेवायचं?

पस्तीस वर्षं तिकिटं जमवतोय आणि त्यातली बरीच वर्षं इतरांचे संग्रह लावून देण्यात गेली आहेत. त्या जोरावर पहिली गोष्ट सांगतो. महागडे अल्बम महाग असतात ते मुख्यतः छपाई, बांधणी आणि नावामुळे. तिकिटाला त्यातलं फार थोडं कळतं. त्याला चारच गोष्टींनी फरक पडतो: अंगाला काय टेकलंय, हवा किती दमट आहे, उजेड किती पडतोय आणि हाताळणारा कसा आहे. शेवटच्या तिन्हींना जवळजवळ पैसे लागत नाहीत, लागते ती सवय. पहिल्या गोष्टीला थोडे लागतात, आणि तिथे मात्र हात आखडता घेऊ नका. अल्बमचं बाहेरचं कव्हर कसलंही चालेल. तिकिटाला टेकणारा कागद आणि प्लास्टिक कसलंही चालणार नाही.

म्हणून आजच्या आज पहिलं काम हे करा, फोटोच्या अल्बममधली तिकिटं बाहेर काढा. पानाला चिकट पट्टे आणि वरून पारदर्शक पडदा असा तो अल्बम असेल तर तिकिटांसाठी त्याहून वाईट जागा मी पाहिलेली नाही. तो चिकटा कालांतराने पिवळा पडतो, कागदात उतरतो आणि पुन्हा निघत नाही. तिकीट ओढून काढू नका. शिवणाचा बारीक धागा तिकिटामागे सरकवून करवतीसारखा हळू पुढेमागे करा, बहुतेक वेळा तिकीट सुटून येतं. कोऱ्या तिकिटाचा डिंक मात्र खराब झालेला असण्याची शक्यता मोठी, ते मनाशी धरूनच काम करा.

दुसरा शत्रू पीव्हीसी. हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं मिसळलेली असतात. वर्षानुवर्षं ती हळूहळू बाहेर झिरपतात, पृष्ठभाग चिकट होतो आणि तिकिटाची शाई त्यावर उतरते. शिवाय पीव्हीसी जुनं होताना त्यातून आम्लाची वाफ सुटते. सुरुवातीच्या काळात मी नाण्यांसाठी मिळणाऱ्या मऊ पारदर्शक पानांत तिकिटांचा एक पूर्ण संच ठेवला होता. आठ-नऊ वर्षांनी पान उघडलं तेव्हा लाल तिकिटांचं चित्र उलटं होऊन प्लास्टिकवर उमटलेलं होतं आणि तिकीट हाताला मेणचट लागत होतं. त्या संचाची जागा माझ्या संग्रहात अजून रिकामी आहे.

पीव्हीसी ओळखायचं कसं? नव्या वस्तूवर त्रिकोणात आकडा छापलेला असेल तर ३ म्हणजे पीव्हीसी. १ म्हणजे पॉलिएस्टरच्या कुळातलं, २ आणि ४ पॉलिथिलीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन. ३ सोडून बाकीची तिकिटांना चालतात, आणि त्यातही पॉलिएस्टर व पॉलिप्रॉपिलीन सर्वात भरवशाची. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मला बरेच जण मायलर म्हणतात, ते तिचं एका कंपनीचं नाव. आकडा नसेल तर वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ती वस्तू दूर ठेवा. अजून खात्री हवी असेल तर तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरिन आहे, म्हणजे ते बहुधा पीव्हीसी. हे उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि तुकडा वेगळा कापून घेतलेला असू द्या.

आता स्वस्त आणि चांगलं काय, ते सांगतो. माझ्या मते सुरुवातीला सर्वात उपयोगी पडतात ती पॉलिप्रॉपिलीनची ए-४ आकाराची पाकीटपानं, कागदपत्रं ठेवायला वापरतात ती. त्यांत जाड कागद घाला आणि तिकिटं त्या कागदावर लावा. खेळाडूंची कार्डं ठेवायला नऊ कप्प्यांची पानं मिळतात, तीही बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात. मिनिएचर शीट (तिकिटाचं छोटं छापील पान), चौकडी (एकमेकांना जोडलेली चार तिकिटं) आणि टपालाची लहान पाकिटं त्यांत छान बसतात. ही पानं साध्या रिंग फायलीत लागतात. रिंगा पूर्ण गोल असण्यापेक्षा इंग्रजी डी अक्षरासारख्या एका बाजूने सरळ असलेल्या घ्या, म्हणजे पानं वाकत नाहीत. फाईल कोंबून भरू नका.

तिकिटं ज्याच्यावर लावायची तो कागद आम्लमुक्त हवा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद वर्षांनी पिवळा पडतो, कारण त्यातलं लिग्निन आणि कागदावर शाई पसरू नये म्हणून वापरलेली तुरटी आम्ल तयार करतात. ते आम्ल शेजारच्या तिकिटातही उतरतं. वर्तमानपत्राचं कात्रण अल्बममध्ये ठेवलं की समोरच्या पानावर त्याच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो, तो यामुळेच. पण यासाठी वेगळा 'संग्रहालयाचा' कागद विकत आणायलाच हवा असं नाही. हल्लीचा बराचसा चांगला छपाईचा कागद अल्कधर्मी असतो, त्यात खडूची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असते. वेष्टणावर आयएसओ ९७०६ लिहिलेलं असेल तर तो टिकाऊ कागदाच्या मानकात बसणारा आहे. खात्रीसाठी पीएच तपासायचं पेन मिळतं. कोपऱ्यात रेघ ओढली की जांभळी उमटली तर कागद ठीक, पिवळी राहिली तर आम्लयुक्त. एक पेन चारपाच संग्राहकांनी मिळून घ्या, पुष्कळ वर्षं पुरतं. जाडी १६० ते २०० ग्रॅमची घ्या, ८० ग्रॅमचा कागद तिकिटांच्या वजनाने लवतो. मजकूर पेन्सिलीने लिहा किंवा लेझर प्रिंटरवर छापा. शाईच्या प्रिंटरचा मजकूर दमट हवेत पसरू शकतो.

पान स्वतः आखण्याचा मोठा फायदा आहे. छापील अल्बममध्ये तुमच्याकडे नसलेल्या तिकिटांच्या रिकाम्या चौकटी डोळ्यांत खुपत राहतात आणि तुमच्याकडची वेगळी वस्तू, म्हणजे एखादा सुंदर शिक्का किंवा छपाईतली चूक, ठेवायला जागाच नसते. स्वतःच्या पानावर तिकीट तुम्ही म्हणाल तिथे बसतं.

हिंज की माउंट (तिकीट आत सरकवायची प्लास्टिकची खोळ), हा वाद जुना आहे आणि माझं मत पक्कं आहे. वापरलेल्या, साध्या तिकिटांना हिंज लावा, अगदी निर्धास्तपणे. हिंज म्हणजे ग्लासीन कागदाची, म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची डिंक लावलेली छोटी पट्टी. तिचा एक तृतीयांश भाग दुमडून, जरासाच ओला करून तिकिटाच्या पाठीला वरच्या दात्यांच्या किंचित खाली लावायचा. उरलेल्या भागाचं फक्त टोक ओलं करून पानाला. काढायची झाली तर पूर्ण वाळू द्या. ओली हिंज ओढली की तिकिटाचा कागद सोलून निघतो. चार हजार तिकिटांना माउंट लावायचे म्हटलं तर खर्च फार होईल आणि त्यातल्या बहुतेकांना त्याची गरजही नाही. कोऱ्या तिकिटाला मात्र हिंज कधीच लावू नका. डिंकावर हिंजची खूण उमटली की ती जात नाही आणि संग्राहकांच्या नजरेत तिकिटाची किंमत बरीच उतरते. तिथे माउंट वापरा, काळ्या पाठीचा आणि पारदर्शक समोरचा. माउंट पट्टीच्या रूपात घ्या आणि हवा तेवढा कापा, तयार मापाचे माउंट महाग पडतात. कापताना दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर जागा सोडा. माउंटची पाठ जास्त ओली केली तर पाणी आत शिरून डिंक विरघळतो आणि तिकीट कायमचं चिकटतं, हे दर वर्षी कुणा ना कुणाचं होतं. ओलं बोट टेकवल्याइतकी ओल पुरे.

नव्या तिकिटांची अजून व्यवस्था लागलेली नसेल तोवर स्टॉकबुक, म्हणजे पानांवरच्या आडव्या पट्ट्यांमागे तिकिटं सरकवून ठेवायची वही, उत्तम. पट्ट्या स्वच्छ पारदर्शक असतील तर पॉलिएस्टरच्या आहेत ना हे विचारून घ्या. जुन्या पद्धतीच्या स्टॉकबुकात पट्ट्या ग्लासीनच्या असतात, त्याही चालतात, फक्त ग्लासीन काही वर्षांनी पिवळा आणि ठिसूळ होतो. झाला की बदला. समोरासमोरच्या दोन पानांवर तिकिटं असतील तर मध्ये कोरा ग्लासीन कागद हवाच, नाहीतर पान उलटताना दाते एकमेकांत अडकतात. ग्लासीनच्या जागी स्वयंपाकघरातला बटर पेपर वापरलेला मी पाहिलाय. दिसायला तो सारखा असतो, पण त्यावर बऱ्याचदा मेण किंवा सिलिकॉनचा थर असतो. वापरू नका. दुहेरी तिकिटं, अजून न पाहिलेली ढीगभर तिकिटं यांना ग्लासीनची लहान पाकिटं सर्वात स्वस्त. पाकिटावर पेन्सिलीने देश आणि साल लिहा, पण तिकीट आत घालण्याआधी, म्हणजे लिहिताना दाब पडून तिकिटावर वण उठत नाही.

आता तुमच्या तपकिरी ठिपक्यांकडे येतो, कारण तिथे खरी काळजी आहे. हे ठिपके बहुधा दमट हवेतल्या बुरशीचे आणि कागदातल्या धातूच्या कणांचे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला बळ येतं आणि कोऱ्या तिकिटांचा डिंक मऊ होऊन शेजारच्या वस्तूला चिकटतो. उलट हवा ३५ टक्क्यांच्या खाली गेली की डिंकाला तडे जातात आणि तिकिटं वळतात. ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवता आली तर तिकिटं सुखात असतात. तेवढा आकडा गाठता नाही आला तरी एकदम मोठे चढउतार टाळा. सतत थोडं जास्त दमट असलेल्या खोलीपेक्षा सकाळी कोरडी आणि रात्री ओली अशी खोली जास्त घातक.

यासाठी एकच उपकरण घ्या, लहान डिजिटल आर्द्रतामापक. ते चारपाच टक्क्यांनी सहज चुकतं, पण घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, झाकण आणि मापक दोन्ही झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. बंद जागेत ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

सिलिका जेलबद्दल गैरसमज फार. उघड्या कपाटात चार पुड्या टाकून काहीही होत नाही. त्या दिवसाभरात खोलीतली ओल पिऊन थकतात. जेल काम करतं ते घट्ट झाकणाच्या डब्यात. म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा रबरी कडेचा मोठा डबा घ्या, त्यात अल्बम उभे ठेवा, कोपऱ्यात सच्छिद्र डबीत जेल ठेवा आणि शेजारी मापक. रंग बदलणारं जेल घ्या, पण निळं नको. निळ्यात कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते आरोग्याला चांगलं नाही. नारंगी घ्या. ओल भरली की ते हिरवट किंवा फिकं होतं, मग ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास तापवलं की पुन्हा तयार. पुडीतून मणी काढून तापवा, पुडी वितळते. आणखी एक गोष्ट: दमट झालेला अल्बम तसाच बंद डब्यात कोंडलात तर आत बुरशीला आयतं घर मिळतं. आधी कोरड्या दिवशी, पंख्याच्या हवेत, पानं विलग करून अल्बम दिवसभर उघडा ठेवा आणि मगच डब्यात घाला.

डबा कुठे ठेवायचा याला एक पैसाही लागत नाही. बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, चार बोटं अंतर सोडा. जमिनीवर नको, माळ्यावर नको, न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे नको. नव्या प्लायवुडच्या किंवा दाबलेल्या लाकडी भुशाच्या कपाटातून आम्लाच्या आणि फॉर्माल्डिहाईडच्या वाफा निघतात, अशा कपाटात तिकिटं उघडी ठेवू नका, बंद डब्यात ठेवा. तुमचा पत्र्याचा डबा आतून गंजलेला नसेल तर वाईट नाही, पण पत्रा थंडीत घाम धरतो. आत आम्लमुक्त कागदाचं अस्तर लावा आणि तिकिटं भिंतीला टेकू देऊ नका.

कसर आणि झुरळ दोघांनाही तिकिटांचा डिंक आवडतो. डांबराच्या गोळ्या ठेवायचा मोह होतो, पण त्यांची वाफ पॉलिस्टायरिनला मऊ करते आणि बरेच माउंट नेमके पॉलिस्टायरिनचे असतात. वासही कायमचा राहतो. कोरडेपणा, स्वच्छता आणि वर्षातून चार वेळा प्रत्येक अल्बम पूर्ण उघडून चाळणं, एवढ्याने किडींचं निभतं. चाळताना पानांना हवाही लागते.

उजेडाबद्दल एक गोष्ट आठवते. १९१८ साली अमेरिकेत 'जेनी' नावाचं विमान उलटं छापलेली तिकिटं निघाली, एकाच शंभराच्या पानातली. त्यातलं ४९व्या जागेचं तिकीट खरेदी झाल्यावर जवळजवळ शंभर वर्षं बँकेच्या तिजोरीत अंधारात राहिलं. बाहेर आलं तेव्हा रंग आणि डिंक जवळजवळ छापल्या दिवसासारखे होते, आणि २०२३ साली त्याला २० लाख डॉलरवर किंमत आली. त्याच पानातली इतर तिकिटं उजेडात राहिली, हिंज लावली गेली, एक तर दागिन्यातल्या लॉकेटमध्ये गेलं. आपल्याकडे तिजोरी नसेल, पण अंधार आहे. अस्सल तिकीट फ्रेम करून भिंतीवर लावू नका. दाखवायचं असेल तर रंगीत प्रत काढून लावा, मूळ डब्यात राहू द्या.

काही रंगांना उजेडाशिवायही धोका असतो. शिशाचे रंग वापरलेली जुनी नारंगी आणि लाल तिकिटं हवेतल्या गंधकामुळे काळपट होतात. म्हणून गठ्ठ्यांना रबर बँड लावू नका. रबरात गंधक असतं, शिवाय ते वितळून कागदाला चिकटतं. पिन, स्टेपल, कागदाला लावायची धातूची क्लिप, चिकटपट्टी, लॅमिनेशन, या सगळ्यांना संग्रहापासून लांब ठेवा. लॅमिनेट केलेलं तिकीट परत मिळत नाही.

पाकिटावरून तिकीट सोडवण्याचा विषय काढतो, कारण पैसे वाचवायला नवे संग्राहक तिथेच जास्त नुकसान करतात. साधं वापरलेलं तिकीट थंड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, आपोआप सुटतं. गरम पाणी नको. लाल, जांभळ्या किंवा हिरव्या पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात, नाहीतर त्यांचा रंग सगळ्यांना लागतो. सुटलेलं तिकीट स्वच्छ टिपकागदावर तोंड खाली करून ठेवा, वर दुसरा टिपकागद आणि जाड पुस्तकं. पण सगळी तिकिटं धुवायची नसतात. १८८३-८४ मधली ब्रिटनची जांभळी आणि हिरवी तिकिटं मुद्दाम अशा शाईत छापली होती की शिक्का धुऊन पुन्हा वापरता येऊ नयेत, पाण्यात त्यांचा रंग उतरतो. मागे चिकटाचा थर असलेली, ओली न करता चिकटणारी नवी तिकिटंही धुवायची नसतात. अशी तिकिटं पहिल्यांदा १९६४ साली सिएरा लिओनने काढली. अमेरिकेने १९७४ साली नाताळसाठी काढलेल्या अशाच तिकिटाचा चिकटा कागदातून वर आला आणि बहुतेक प्रती डागाळल्या. या तिकिटांना भिजवू नका, भोवती तीन-चार मिलिमीटर पाकीट ठेवून कापा आणि तशीच ठेवा. आणि जुन्या पत्रांवरची, सुंदर शिक्क्यांची तिकिटं पाकिटावरून मुळीच काढू नका. तुमच्या वडिलांनी जपलेली पत्रं असतील तर अख्खं पाकीटच वस्तू आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, आत कडक आम्लमुक्त कार्ड घालून, एक बाजू उघडी ठेवून उभं ठेवा.

याच्या उलट एक अपवाद, फक्त गंमत म्हणून नाही, तर 'डिंक जपा' हा नियम आंधळेपणाने पाळू नये म्हणून. १९३५ साली जर्मनीने ओस्ट्रोपा प्रदर्शनासाठी चार तिकिटांचं पान काढलं. त्याच्या डिंकात आम्ल होतं आणि ते कागद खाऊन टाकतं. म्हणून जाणकार संग्राहक त्या पानाचा डिंक पाण्याने काढून टाकतात आणि डिंक नसलेलं पानच जपतात.

हाताळायला रुंद, गोल टोकाचा चिमटा घ्या. डॉक्टरी चिमट्याचं टोक तिकीट टोचतं. नव्या चिमट्याचं टोक एखाद्या साध्या कागदावर घासून पाहा, ओरखडा उठला तर बारीक सँडपेपरने गुळगुळीत करा. बोटाचं तेल दिसत नाही, पण वर्षांनी डाग म्हणून दिसतं.

काम कुठून सुरू करायचं? चार हजार तिकिटं एका दमात लावायला घेतलीत तर दुसऱ्या आठवड्यात कंटाळाल. फोटो अल्बमनंतर कोरी तिकिटं, मग पत्रं, आणि हिंज लावलेल्या जुन्या वह्या सर्वात शेवटी. वह्यांचा कागद पिवळा असला तरी वापरलेली तिकिटं तिथे वर्षभर अजून राहिली म्हणून आकाश कोसळत नाही, फक्त मध्ये ग्लासीनचे कागद घाला. काम करताना प्रत्येक पानाचा फोटो काढत जा. मौल्यवान वाटणाऱ्या तिकिटांची पाठही टिपा, डिंक, जलचिन्ह, जुन्या मालकाच्या खुणा दिसतात. एका तक्त्यात देश, साल, कॅटलॉग क्रमांक आणि अवस्था लिहा. चोरी झाली किंवा पाणी शिरलं तर हाच कागद कामी येतो, म्हणून त्याची एक प्रत घराबाहेर ठेवा.

राहता राहिली डाग पडलेली तिकिटं. ती आजच बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण बुरशीचे कण पसरतात. सुकी बुरशी दिसत असेल तर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या कुंचल्याने झटका, तिकीट न दाबता. ब्लीच किंवा कपड्याच्या डागांची औषधं लावू नका. डाग फिका होतो, पण त्याबरोबर मूळ रंग आणि कागदाची ताकदही जाते आणि जाणकाराला ते भिंगाखाली लगेच कळतं. एकमेकांना चिकटलेली कोरी तिकिटं ओढू नका. बंद डब्यात ओला स्पंज, त्यावर जाळी आणि जाळीवर तिकिटं अशी तासदोन तास ठेवा, दर पंधरा मिनिटांनी पाहा, डिंक सैल झाला की चिमट्याने अलगद सोडवा आणि सिलिकॉनच्या गुळगुळीत कागदावर डिंकाची बाजू टेकवून सुकवा. सिलिकॉनचा थर असलेला बटर पेपर इथे मात्र उपयोगी पडतो. मग प्रत्येक डागाळलेलं तिकीट वेगळ्या ग्लासीन पाकिटात घाला, तारीख लिहा आणि डागाचा फोटो काढा. तीन महिन्यांनी त्याच फोटोशी ताडून पाहा. डाग वाढला नसेल तर कोरड्या डब्याने काम केलंय आणि ती तिकिटं अल्बममध्ये परत जाऊ शकतात. वाढला असेल तर डब्यातल्या मापकाचा आकडा मला कळवा, आधी तिथेच काहीतरी चुकतंय असं मी धरून चालेन.